गोगलगायींचा बंदोबस्त

दिग्विजय चिंचोळी एमआयडीसीतली पहिली पाळी संपवून घरी आला, बूट न काढताच माशांच्या टाकीसमोर उकिडवा बसला आणि बघतो तर कौल पुन्हा कोरं. सकाळी निघताना टाकीत तिरक्या उभ्या केलेल्या त्या कौलाच्या तुकड्यावर साबुदाण्याहून बारीक अंडी ओळीनं चिकटलेली होती. आता एकही नव्हतं. एंजल माशांची जोडी आपण त्या गावचेच नाही अशी कोपऱ्यात उभी होती आणि कौलाच्या बरोबर मधोमध एक गोगलगाय, जेवून शतपावलीला निघाल्यासारखी, सावकाश वर चढत होती.

त्यानं ती चिमटीत धरून खिडकीबाहेर भिरकावली आणि मग बूट काढले. अंडी नाहीशी होण्याची ही कितवी वेळ ते मोजायचं त्यानं केव्हाच सोडून दिलं होतं.

बरं, या गोगलगायी काही वाट चुकून त्याच्या घरी आल्या नव्हत्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मासे विकणाऱ्या सिद्धप्पानं एकदा जोडीसाठी दाणे बांधून देताना दोन गोगलगायी पिशवीत टाकल्या होत्या. तळाचं उरलंसुरलं खातात मालक, काच चाटून लख्ख ठेवतात, नोकर ठेवल्यागत, असं त्याचं म्हणणं. पैसेही घेतले नाहीत. सिद्धप्पा फुकट काही देतोय म्हटल्यावर खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. त्या दोघींनी काच चाटली, नाही असं नाही, पण बाकीच्या वेळात असा काही प्रपंच मांडला की तीन महिन्यांत काच चाटायला काच दिसेना. फिल्टरवर गोगलगायी, पानाखाली गोगलगायी, हवेच्या नळीवर माळ ओवल्यासारख्या गोगलगायी. रोज संध्याकाळी मूठभर वेचाव्यात आणि सकाळी पुन्हा तेवढ्याच हजर.

मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यानं विचारून पाहिलं. निम्मे म्हणाले, गोगलगाय अंड्याला तोंडही लावत नाही, उलट बुरशी आलेली तेवढी खाते, राहू दे. निम्मे म्हणाले, एक जरी ठेवलीस तरी पिल्लाचं तोंड बघणार नाहीस. मग त्या दोन निम्म्यांचं आपसांत जुंपलं आणि दिग्विजय बाजूलाच राहिला. उंटावरच्या शहाण्यांना उंट कुणाचा याच्याशी काय देणंघेणं.

जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत टाकीनं बाहेरच्या खोलीची अर्धी भिंत अडवली होती. ऋतुजा, त्याची बायको, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात दिवसभर मशीन मारून यायची आणि दारातच टाकीला ठेचकाळायची. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणार, त्यातलं एक बॅरल माशांचं, हे तिनं कसंबसं पचवलं होतं. पण रोज नवऱ्याचं ते सुतकी तोंड बघणं तिला पचत नव्हतं. एवढा जीव कशासाठी टाकायचा, मासेच आहेत ना, असं ती म्हणायची, आणि दिग्विजयला उत्तर ठाऊक असूनही देता यायचं नाही.

उत्तर टेंभुर्णीजवळच्या गावात राहत होतं आणि त्याचं नाव जोतीराम, म्हणजे दिग्विजयचे वडील, अण्णा. पोराविषयी त्यांचं मत ठरलेलं होतं आणि ते पारावर बसूनही मोकळेपणानं सांगायचे, की दिग्याचं काम म्हणजे अर्ध्यात सोडलेलं समजायचं. आयटीआयचं दुसरं वर्ष त्यानं सोडलं, भरतीसाठी धावायचं महिनाभरात सोडलं, शेळ्या आणल्या त्या पावसाळ्याआधी विकल्या, आणि शेवटी शेत सोडून सोलापूर गाठलं. यात खोटं काही नव्हतं म्हणूनच ते जास्त झोंबायचं. आता अण्णांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सोलापुरात ठरलं आणि पुढच्या तपासणीपर्यंत ते इथेच राहणार म्हटल्यावर दिग्विजयच्या मनानं घेतलं की या मुक्कामात, अण्णांच्या देखत, पिल्लं पोहलीच पाहिजेत. सहा पिल्लं आणून, वर्ष-दीड वर्ष वाढवून, त्यातून ही एक जोडी जमली होती. हे एक काम शेवटापर्यंत न्यायचं आणि म्हाताऱ्याला बघायला लावायचं. एवढीच त्याची मागणी होती.

अण्णा ऑपरेशन करून आले, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. बाहेरच्या खोलीत, टाकीसमोर त्यांची कॉट टाकली. उरलेल्या डोळ्यानं त्यांनी टाकी खालपासून वरपर्यंत पाहिली.

“खायाचं न्हाईत, अजून इकलं बी न्हाईत. मग पाळायचं कशाला?”

बघायला, असं दिग्विजय म्हणाला. त्यावर बघायला घरी म्हशी आहेत की, असं म्हणून अण्णांनी कूस बदलली.

पण डॉक्टरनं टीव्ही बंद केला होता, वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि दिवसभर घरात दुसरं माणूस नाही. माणूस बघून बघून बघणार काय? दोन-चार दिवसांत अण्णांना टाकीतला कारभार कळायला लागला. मोठ्या नराला त्यांनी पाटील नाव ठेवलं, कारण तो पंख ताठ करून सगळ्या टाकीभर उगाच दम देत फिरायचा. संध्याकाळी दिग्विजय आला की आज पाटील कसा वागला याची बातमी मिळायची. बाप-लेकांत म्हैस आणि पाऊस सोडून तिसरा विषय निघाल्याचं ऋतुजा लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होती.

आणि गोगलगायींच्या बाबतीत तर दोघांचं चक्क एकमत झालं. मागे एका पावसाळ्यात अण्णांच्या पपईच्या रोपांवर गोगलगायी पडल्या होत्या. रात्री धडधाकट दिसलेली रोपं सकाळी बुडख्यातून खाल्लेली. ते सांगताना अण्णांचा आवाज अजून चढायचा. गुळाच्या पाण्यात गोणपाटं भिजवून बांधावर टाकायची, पहाटे त्यांच्याखाली गोळा झालेल्या गोगलगायी उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात बुडवायच्या, हा उपाय त्यांनी तेव्हा केला होता आणि पोतीच्या पोती गोगलगायी मारल्या होत्या. पपई मात्र वाचली नव्हती.

“दिसाया गरीब, पर जात लई वंगाळ,” ते टाकीकडे बघून म्हणाले. “ह्येंचा बंदोबस्त झाल्याबिगर तुज्या अंड्यांचं काय खरं न्हाय.”

दिग्विजयनं मान डोलावली. बापाचं आणि आपलं एकाच शत्रूवर बोट आहे या गोष्टीनं त्याला आतून बरं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात जोडीनं कौल घासायला सुरुवात केली. घासतात म्हणजे अंडी घालणार. संध्याकाळी मादीनं ओळी घातल्या, पाटील मागोमाग फिरला, आणि बाप-लेक दोघंही जेवायचं सोडून कॉटवर शेजारीशेजारी बसून राहिले. बुरशी येऊ नये म्हणून दिग्विजयनं टाकीत बदामाचं वाळकं पान सोडलं. रात्री झोपताना अण्णा म्हणाले, काळजी करू नको, दिवसभर मी आहे राखणीला.

तरी सकाळी उठून बघतो तर वरची एक ओळ गायब, आणि त्याच जागी गोगलगाय, एका पांढऱ्या पडलेल्या अंड्यावर बसलेली. मुद्देमालासकट चोर. दिग्विजयचं डोकं फिरलं. पाळीची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबायची वेळ झालेली, एका हातात डबा, दुसऱ्या हातानं तो पाण्यात गोगलगायी वेचत होता, शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली होती. अण्णा मागून गोणपाटाचं पुन्हा काढत होते. एक लहानसा तुकडा, थोडासा गूळ, करून तर बघू.

“करा काय करायचं ते,” दिग्विजय वैतागून म्हणाला आणि पळाला.

बोलणाऱ्यानं वैतागून म्हटलं होतं आणि ऐकणाऱ्यानं परवानगी समजून घेतलं. दोघांचीही चूक म्हणावी तर मोठी नाही.

अण्णांनी शेजारच्या अंबुबाईकडून गोणपाटाचा टिचभर तुकडा मागून आणला. स्वयंपाकघरातला गूळ पातेल्यात विरघळवला, तुकडा त्यात भिजवला आणि सुतळीनं बांधून टाकीत सोडला, वाकायचं नाही म्हणून उभ्या उभ्याच. तासाभरात गोणपाट गोगलगायींनी काळं झालं. अण्णांनी ते वर ओढलं, मिठाच्या पाण्यात झटकलं, पुन्हा गुळात बुडवलं, पुन्हा सोडलं. असं दिवसभर. दिग्विजय यायच्या आत सगळं आवरून ते कॉटवर आडवे झाले, कारण त्यांना एकदम सगळा बंदोबस्त करूनच दाखवायचा होता. संध्याकाळी पाणी थोडं पिवळसर दिसलं ते दिग्विजयनं बदामाच्या पानावर घातलं. गोगलगायी कमी दिसत होत्या आणि अंडी बरीचशी जागेवर होती. एवढ्या वेळांत इतकी टिकली नव्हती. रात्री तो ऋतुजाला म्हणाला, या खेपेला होणार.

दुसऱ्या दिवशी घरातला उरलेला सगळा गूळ टाकीत गेला.

दिग्विजय परतला तेव्हा अण्णा दारातच उभे होते. हातात स्टीलची बादली, तळाला वीतभर मेलेल्या गोगलगायी, आणि तोंडावर असा आनंद, जो दिग्विजयनं त्यांच्या तोंडावर ऊस पहिल्यांदा कारखान्याला गेला तेव्हा पाहिला असेल.

“बग. एक सुदिक सोडली न्हाय.”

दिग्विजयनं बादलीकडे पाहिलंच नाही. अण्णांच्या खांद्यावरून त्याला टाकी दिसत होती. पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं आणि दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडून हवा ओढत होते.

पुढचा तासभर त्यानं काय केलं ते त्याला नंतर नीट आठवत नव्हतं. माशांसाठी भरून ठेवलेलं बॅरल त्यानं टाकीत ओतलं, मग घरचं धुण्याभांड्यांचं बॅरल ओतलं, मग प्यायचे हंडे. नळाला पाणी परवा यायचं होतं. ऋतुजा कामावरून आली तर घरात चूळ भरायलाही थेंब नाही आणि फरशीभर गोडसर वास. मासे जगले. कौलावरची अंडी मात्र सगळी पांढरी पडून गेली, एकजात, भाताच्या शितांसारखी.

अण्णा इतका वेळ बादली धरूनच उभे होते. ते एवढंच म्हणाले की गुळानं काय होतंय, माणसं खात्यात की गूळ.

“अण्णा, तुमची पपई गोगलगायींनी न्हाई घालवली,” दिग्विजय म्हणाला. आवाज चढवला नाही, तेच वाईट झालं. “असल्याच उद्योगांनी घालवली तुम्ही. आणि आता हे घालवलंत.”

ऋतुजानं तोंडाला पदर लावला. अण्णांनी बादली हळूच खाली ठेवली, वाकायचं नाही हे विसरून. त्या रात्री ते जेवले, कारण अन्नाला नाही म्हणायचं नसतं. सकाळी दिग्विजय कामावर गेल्यावर त्यांनी पिशवी भरली. डोळा तपासून तरी जा मामा, असं ऋतुजा दारात उभी राहून म्हणत होती. म्हैस धार काढू देत नाही म्हणे दुसऱ्याच्या हाताला, असलं काहीतरी पुटपुटत ते टेंभुर्णीच्या एसटीला निघून गेले.

दिग्विजयला वाईट वाटलं नाही असं कोण म्हणेल? वाटलं, आणि त्या वाईट वाटण्याचाही त्याला राग आला. अंडी गेली त्याची, पाणी गेलं त्याचं, आणि अपराधी पुन्हा तोच. फोन करून चुकलं म्हणावं तर त्यांच्या घरात तशी रीत नव्हती. बाप-लेक भांडले की आठ दिवसांनी कुणीतरी म्हशीचं विचारायचं आणि मिटलं असं धरायचं. पण या वेळी दिग्विजयनं म्हशीचं विचारलं तेव्हा फोन आईनं, बजाबाईनं, उचलला आणि तिनंच आवाज खाली आणून सांगितलं.

“बोलतच न्हाईत रं कुनाशी. डोळ्यात थेंब घालू देत न्हाईत. तपासाय चला म्हटलं तर म्हनत्यात, कुटल्या तोंडानं जाऊ? माज्या हातनं पोराचं नुकसान झालं म्हनत्यात.”

यावर उपाय एकच, असं दिग्विजयनं ठरवलं. पिल्लं काढायची, आणि मगच अण्णांना फोन करायचा. त्यानं टाकी रिकामी केली. तळाची वाळू काढून टाकली, झाडं उपटली, फिल्टर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला, कौल उकळलं. नव्या पाण्यात फक्त ते कौल आणि ती जोडी. रोज टॉर्च मारून कोपरा न् कोपरा बघितला. गोगलगाय नाही, गोगलगायीचं अंडं नाही. काच लख्ख. आता घासायला त्यालाच हात घालावा लागत होता, पण ते चालेल.

जोडीनं पुन्हा अंडी घातली तेव्हा त्यानं कारखान्यात तब्येतीचं कारण सांगून रजा टाकली. माझ्या भावाच्या साखरपुड्याला मिळाली नव्हती ती, असं ऋतुजा म्हणाली आणि तिचीही सुट्टी असल्यामुळे आत जाऊन भांडी जोरात घासायला लागली. दिग्विजय अण्णांच्या कॉटवर बसून राहिला.

दुपारपर्यंत सगळं शहाण्यासारखं चाललं. मादी पंखानं वारा घालत होती. मग पाटील आला. त्यानं तिला बाजूला सारलं, कौलाजवळ तोंड नेलं आणि एक अंडं उचललं. खराब झालेलं काढत असेल, दिग्विजयला वाटलं, काढतातच ते. पाटलानं दुसरं उचललं. तिसरं उचललं. थुंकलं एकही नाही. मग तो ओळीला लागला, भुईमुगाच्या शेंगा खात बसावं तसा, एका टोकापासून, सावकाश. दिग्विजयनं काचेवर टिचकी मारली. पाटील मागे सरला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. थोड्या वेळानं मादीही दुसऱ्या टोकाकडून आली.

कुंपणच शेत खात होतं. पहिल्यापासून. गोगलगायी बिचाऱ्या मागं राहिलेलं पांढरं फटफटीत खाऊन भांडी घासल्यागत कौल पुसून ठेवत होत्या आणि बादलीभर मेल्या त्याच, आणि अंडी गेली म्हणून त्यानं दोष दिला तो बादली वाहणाऱ्या अण्णांना. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशी देणाऱ्यालाही घराबाहेर काढलेलं. दिग्विजयला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडणार? माशावर?

त्यानं फोन लावला. सांगून टाकायचं, जे आहे ते. गोगलगायी खात नव्हत्या, आपण दोघंही चुकलो, या आता डोळा दाखवायला. वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. फोन बजाबाईनं घेतला, मग बराच वेळ नुसती कुजबुज ऐकू आली, मग कुणीतरी फोन हातात घेतल्याचं कळलं, कारण अण्णांचा श्वास जोरात चालतो.

“जमलं का?” अण्णांनी विचारलं.

बाकी काही नाही, हालहवाल नाही, राग नाही. आणि दिग्विजयच्या लक्षात आलं की जे आहे ते सांगितलं तर या माणसाला त्यातलं एवढंच ऐकू जाईल, की तेव्हा पोराची अंडी मारली ती उगाचच मारली.

“जमलं अण्णा,” तो म्हणाला. “निघाली पिल्लं. गोगलगायी गेल्या न् निघाली. तुमच्या गुळानंच गेल्या त्या.”

मग अण्णा बोलले, पण त्याच्याशी नाही, फोन बाजूला धरून बायकोशी, आणि नेहमीप्रमाणे अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात.

“आगं ऐकलंस का? दिग्यानं करून दावलं.”

हे वाक्य त्यानं आयुष्यात एकदाही ऐकलं नव्हतं. कान किती वर्षं तिकडेच लागलेले होते. आता ते मिळालं तर धड आनंदही होईना आणि धड रडूही येईना, नुसती चीड चीड होत होती, आणि ती माशाची, बापाची की स्वतःची हे कळत नव्हतं. तेवढ्यात अण्णा परत फोनवर आले. आवाज एकदम दहा वर्षांनी तरुण झालेला. सोमवारी येतो म्हणाले.

“डोळा बी दावतू आन् पिल्लं बी बगतू. दोनी डोळ्यांनी बगतू आता.”

“या की,” दिग्विजय म्हणाला.

ऋतुजा हात पुसत बाहेर आली होती. कुठली पिल्लं, असं तिनं विचारलं. पाटील शेवटची ओळ संपवून काचेपाशी आला होता आणि रोजच्या सवयीनं तोंड हलवत खायला मागत होता. दिग्विजयनं डबी उघडली आणि चिमूटभर दाणे टाकले.